विमानघडण आणि सुरक्षिततेची शिस्त

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडतो आणि थोड्याच वेळात टेंभुर्णी लागते. माढे तालुक्यातील हे गाव उसाचे, बाजाराचे आणि चोहोंकडून येणाऱ्या रस्त्यांच्या नाक्याचे गाव होय. उजनीच्या धरणामुळे या भागास पाणी आले, साखर कारखाने आले आणि औद्योगिक वसाहतही आली. येथे विमानतळ नाही आणि विमानाचा कारखानाही नाही. तथापि या गावाच्या पूर्वेस काही कोसांवर कुर्डुवाडी आहे आणि पश्चिमेस भीमेपलीकडे वालचंदनगर आहे. पहिल्या स्थळाशी एका इंग्रज इंजिनियराचे नाव जोडलेले आहे, तर दुसऱ्याशी सोलापुरात जन्मलेल्या एका उद्योगपतीचे. इंजिनियराने विमानातून पडणाऱ्या माणसाचा जीव कसा वाचवावा याचा ध्यास घेतला; उद्योगपतीने हिंदुस्थानात विमाने घडविण्याचा पहिला कारखाना उभारला. विमान बांधणाऱ्यांनी सुरक्षिततेची जबाबदारी कशी व केव्हा ओळखली, हा इतिहास पाहावयाचा तर आरंभ या दोघांपासून करणे सोयीचे आहे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे त्या इंजिनियराचे नाव. कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी रुळांचा लोहमार्ग त्याने उभारला आणि १८९७ साली तो वाहतुकीस खुला झाला. पुढे त्याच मार्गाचे फाटे पंढरपूर, लातूर आणि मिरज येथपर्यंत गेले आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ‘बार्शी लाइट’च्या डब्यांतून पंढरी गाठली. या मार्गाचे रूळ अगदी हलके, म्हणजे यार्डास तीस पौंड वजनाचे होते. असल्या रुळांवरून भरलेल्या मालगाड्या न्यावयाच्या म्हणजे धोका उघड होता. कॅल्थ्रॉपने त्यावर उपाय योजला तो गाडी धावू लागल्यानंतर नव्हे. इंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असा नियम त्याने आराखडा काढतानाच स्वतःवर घालून घेतला. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेला आणि हलक्या रुळांनी तो निमूटपणे पेलला. रूळ तुटण्याचे भय कमी झाले ते पहारेकऱ्यांमुळे नव्हे, तर कागदावर आखलेल्या एका मर्यादेमुळे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच कॅल्थ्रॉपचे लक्ष पुढे आकाशाकडे वळले. चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र होता. रोल्स-रॉइस या विख्यात नावातील पहिला रोल्स तो हाच. १२ जुलै १९१० रोजी इंग्लंडात बोर्नमथ येथे विमानांचे प्रदर्शन चालू असता रोल्सच्या विमानाचा शेपटाकडील भाग हवेतच मोडला आणि तो जमिनीवर कोसळून ठार झाला. यांत्रिक विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश मनुष्य होय. पुढील काही वर्षांत कॅल्थ्रॉपने आपली बुद्धी आणि आपला पैसा हवाई छत्रीच्या संशोधनात ओतला. त्याच्या छत्रीस त्याने ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत, असे नाव दिले. छत्री चांगली उघडत असे. परंतु पहिले महायुद्ध जवळजवळ संपत येईपर्यंत ब्रिटिश लष्कराने आपल्या वैमानिकांना विमानात छत्री दिली नाही. किती तरुण त्यामुळे प्राणास मुकले असतील याचा हिशेब मांडणे कठीण आहे. साधन हाताशी असूनही ते वापरण्याचा निर्णय घेणारा वरचा मनुष्य तयार नसेल तर साधनाचा काही उपयोग होत नाही, हा त्या कथेतील कटु बोध होय.

कॅल्थ्रॉपच्या एकाच आयुष्यात सुरक्षिततेचे दोन मार्ग दिसून येतात. छत्री ही संकट कोसळल्यानंतरची सोय आहे. आसावरील भाराची मर्यादा हा संकट मुळातच उद्भवू नये यासाठी केलेला विचार आहे. विमानविद्येला पहिल्या मार्गावरून दुसऱ्या मार्गावर येण्यास फार वर्षे लागली आणि प्रत्येक पावलाची किंमत माणसांच्या प्राणांनी द्यावी लागली.

आरंभीच्या काळात विमान बांधणारा आणि विमान चालविणारा हे बहुधा एकच असत. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील फोर्ट मायर येथे ऑरव्हिल राइट आपल्या विमानाचे प्रात्यक्षिक दाखवीत होता. त्याच्या शेजारी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज बसला होता. विमानाच्या पंख्यास तडा गेला, पंख्याने सुकाणूची तार तोडली आणि विमान खाली आले. ऑरव्हिल जबर जखमी झाला आणि सेल्फ्रिज मृत्यू पावला. यंत्राने उडणाऱ्या विमानाच्या अपघातातील जगातला हा पहिला मृत्यू. ज्याने पंखा घडविला त्याच्याच देहास त्या पंख्याच्या दोषाची शिक्षा भोगावी लागली. यामुळे एक प्रकारची दक्षता आपोआप पाळली जात असे. परंतु विमाने शेकड्यांनी तयार होऊ लागली तेव्हा घडविणारा जमिनीवर राहिला आणि उडणारा निराळा झाला. रिबेट ठोकणाऱ्या कारागिरास वैमानिकाचे तोंडही कधी दिसेना. मग दक्षतेची हमी कोणी द्यावयाची?

त्या काळाने या प्रश्नाचे उत्तर दिले ते तपासनिसाच्या रूपाने. १९१३ साली ब्रिटनमध्ये विमानांच्या तपासणीचे स्वतंत्र खाते स्थापन झाले. धातूचा तुकडा कोठून आला, त्याची कसोटी कोणी घेतली, तो कोणत्या विमानात बसविला, याची नोंद होऊ लागली. योग्य ठरलेल्या भागावर तपासनीस आपला शिक्का उमटवीत असे आणि शिक्क्यावाचून कोणताही भाग पुढे सरकत नसे. ही व्यवस्था उत्तम होती आणि आजही ती विमानाच्या कारखान्याचा कणा आहे. परंतु तिच्यात एक गृहीत गोष्ट होती, ती ही की आराखडा बरोबर आहे. तपासनीस वस्तू आराखड्याबरहुकूम आहे की नाही एवढेच पाही. आराखड्याचीच परीक्षा घेणे हे त्याचे काम नव्हते.

हिंदुस्थानात ही शिस्त आली ती वालचंद हिराचंद यांच्या धडाडीमुळे. वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापूर येथे झाला. तरुणपणी वाडवडिलांची पेढी सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या कामांचे ठेके घेण्यास सुरुवात केली, आणि त्यांचा पहिला ठेका होता बार्शी लाइटच्याच कामाचा. कॅल्थ्रॉपच्या रुळांवर ज्यांनी उद्योगाचे धडे गिरविले, त्यांनीच पुढे आगबोटी, साखर, मोटारी आणि विमाने असा पल्ला गाठला, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. १९३९ साली अमेरिकेहून परतताना त्यांची एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. तो चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होता. चीनमध्ये जे होऊ शकते ते हिंदुस्थानात का होऊ नये, या विचाराने वालचंदांना घेरले. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची स्थापना झाली. १९४१ साली हिंदुस्थान सरकार तीत भागीदार झाले. त्याच वर्षी या कारखान्यात जुळविलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान उडाले आणि पुढील वर्षी कर्टिस हॉक जातीचे लढाऊ विमान. परंतु जपानी युद्ध दाराशी येऊन ठेपताच, १९४२ साली, सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि त्याचा संस्थापक त्यातून बाजूस झाला. युद्धकाळात अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती हेच तेथील मुख्य काम होऊन बसले.

साखरेच्या कारखान्यात चरक बिघडला तर गाळप थांबते, नुकसान होते आणि चार दिवसांनी ते भरून निघते. विमानाच्या कारखान्यात बिघाड दडून राहतो. तो कारखान्यात दिसत नाही. तो महिन्यांनी किंवा वर्षांनी, दहा हजार फुटांवर, ज्यांचा कारखान्याशी कसलाही संबंध नाही अशा माणसांच्या वाट्यास येतो. बंगळूरच्या शेडमध्ये नव्याने आलेल्या कारागिरांना प्रथम शिकावी लागली ती हीच गोष्ट. गज, कानस आणि हातोडा ही हत्यारे त्यांना नवीन नव्हती. प्रत्येक स्क्रूचा हिशेब ठेवणे, मोडलेली वस्तू गुपचूप न सांधणे आणि केलेल्या कामाखाली स्वतःची सही करणे, हे मात्र नवीन होते.

या कारखान्यास स्वतंत्र बुद्धीचे संकल्पक मिळवून देणाऱ्यांत डॉक्टर विष्णु माधव घाटगे यांचे नाव अग्रभागी येते. कोल्हापूर भागातील या विद्वानाने जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एच. टी. २ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात चढले. हिंदी मनुष्याने आराखडा काढून स्वतंत्र भारतात बांधलेले हे पहिले यांत्रिक विमान. हवाई दलाच्या कित्येक तुकड्या त्यावर उड्डाणाची बाराखडी शिकल्या. शिकाऊ विमानाच्या संकल्पकाची जबाबदारी काही वेगळीच असते. त्याच्या यंत्रावर बसणारा चुकणार, हे गृहीत धरूनच त्यास रेघ ओढावी लागते. शिकणाऱ्याची चूक पोटात घालून त्यास पुन्हा जमिनीवर आणून ठेवील असे विमान बांधावयाचे, म्हणजे सुरक्षिततेचा विचार प्रथमपासून आराखड्यातच मुरवावा लागतो.

परंतु उत्तम संकल्पक, प्रामाणिक कारागीर आणि दक्ष तपासनीस एवढे सर्व असूनही अनर्थ घडू शकतो, हे लवकरच सर्व जगाला दिसून आले. ब्रिटनमधील डी हॅविलंड कंपनीचे ‘कॉमेट’ हे उतारू नेणारे जगातील पहिले जेट विमान २ मे १९५२ रोजी सेवेत रुजू झाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट बंगालमध्येच वादळात मोडून पडले आणि ४३ जण मरण पावले. वादळाकडे बोट दाखविणे सोपे होते. १० जानेवारी १९५४ रोजी दुसरे कॉमेट इटलीनजीक एल्बा बेटापाशी निरभ्र हवेत फुटले आणि ३५ जण गेले. उड्डाणे थांबली. जे जे दोष कल्पनेत येऊ शकत होते ते ते दुरुस्त करून मार्च महिन्यात ती पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ तिसरे विमान समुद्रात पडले आणि आणखी २१ जणांची त्यात आहुती पडली.

मग फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी एक आख्खे विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेविले आणि त्याच्या पोटात पाण्याचा दाब वारंवार भरला व उतरविला. प्रत्येक उड्डाणात हवेच्या दाबाने विमानाचे अंग फुगते व पुन्हा आकसते. त्याचीच ही नक्कल होती. पूर्वीची खरी उड्डाणे आणि टाकीतील खोटी उड्डाणे मिळून तीन हजारांच्या आसपास आकडा गेला तेव्हा खिडकीच्या कोपऱ्याशी धातू फाटला. वारंवार वाकविलेली तार जशी अखेर तुटते, तसा धातूस शीण आला होता. कंपनीने विमान विकण्यापूर्वी अशी परीक्षा घेतलीच नव्हती असे नाही. तिने विमानाच्या एका भागावर हजारो वेळा दाब देऊन पाहिला होता आणि तो भाग टिकला होता. परंतु त्याच तुकड्यावर आधी फार मोठा दाब देऊन दुसरी कसोटी घेण्यात आली होती, आणि त्या दाबाने कोपऱ्यांतील धातू उलट अधिक टिकाऊ झाला होता. परीक्षेस बसलेला विद्यार्थी एक आणि प्रत्यक्ष आकाशात गेलेले त्याचे भाऊ निराळे, असा हा प्रकार झाला. कोणी लबाडी केली नव्हती. कोणी शिक्का खोटा मारला नव्हता. प्रत्येक खात्याने आपले काम चोख केले होते आणि खात्या-खात्यांच्या मधल्या जागेत मृत्यू दडून बसला होता.

या प्रकरणापासून विमानविद्येने पुष्कळ शिकून घेतले; परंतु ते शिक्षण शवांच्या साक्षीने झालेले होते. अपघात व्हावा, चौकशी बसावी, अहवाल निघावा आणि नियम सुधारावा, असा क्रम पुढे कित्येक दशके चालला. पुढे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास या विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहण्यास शिकविले. मोठ्या संस्थेतील प्रत्येक संरक्षण हे भोके असलेल्या पडद्यासारखे असते, असे त्यांचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. एका पडद्यातून सुटलेली चूक पुढचा पडदा अडवितो. ज्या दिवशी सर्व पडद्यांतील भोके एका ओळीत येतात, त्या दिवशी अपघात होतो. शेवटच्या पडद्यापाशी उभा असलेला वैमानिक किंवा कारागीर दोषी दिसतो. पण आधीच्या पडद्यांतील भोके कचेऱ्यांत, बैठकांत आणि आराखड्याच्या मेजावर फार पूर्वीच पडलेली असतात.

याच विचारातून ‘सुरक्षा व्यवस्थापन पद्धती’ उदयास आली. १९४४ सालच्या शिकागो कराराने जन्मास आलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ साली त्या कराराचे एकोणिसावे परिशिष्ट मंजूर केले आणि विमान कंपन्या, विमानतळ व दुरुस्तीचे कारखाने यांच्या जोडीला विमानाचा आराखडा काढणाऱ्या व विमान बांधणाऱ्या संस्थांनाही ही पद्धती सांगितली. २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेने इंजिने व पंखे बनविणारेही तिच्या कक्षेत आले.

या पद्धतीची चार अंगे आहेत. पहिले अंग धोरण व जबाबदारी. कारखान्याच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याने सुरक्षिततेसाठी आपण स्वतः उत्तरदायी आहो असे लिहून द्यावयाचे. ते उत्तरदायित्व त्याला खालच्या कोणावर ढकलता येत नाही. दुसरे अंग जोखमीचा विचार. अपघाताची वाट न पाहता, काय बिघडू शकेल, बिघडण्याचा संभव किती आणि बिघडल्यास हानी किती, याचा आगाऊ ताळा मांडावयाचा आणि जोखीम सोसण्याजोगी होईपर्यंत उपाय योजावयाचे. तिसरे अंग खातरजमा. योजिलेला उपाय खरोखर चालतो की केवळ वहीत राहिला, हे आकड्यांनी व तपासणीने पुन्हा पुन्हा पडताळून पाहावयाचे. चौथे अंग शिक्षण व प्रसार, म्हणजे झाडूवाल्यापासून मुख्य संकल्पकापर्यंत प्रत्येकास धोका ओळखण्यास व तो सांगण्यास शिकविणे.

ऐकताना ही चारही अंगे साधी वाटतात. कठीण आहे ते ‘सांगणे’. लेथवर काम करणारा एखादा मुलगा असावा. धातू कापताना त्याच्या हातून केसभर अधिक खोल काप जातो. गेज लावून पाहिल्याशिवाय कोणास तो दिसणार नाही. त्याने चूक सांगितली तर तुकडा बाद होतो, पाळीचे काम मागे पडते आणि मुकादम चार माणसांत बोलतो. त्याने ती लपविली तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित सात वर्षांनी एक विमान पडेल. त्या क्षणी तो काय करील, हे त्याच्या नीतीवर जितके अवलंबून आहे तितकेच, यापूर्वी ज्याने चूक सांगितली त्याचे पुढे काय झाले, यावरही आहे. चूक सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही आणि जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईस क्षमा मिळणार नाही, ही सीमारेषा कारखान्याने आधीच आखून ठेवावी आणि ती पाळावी, असा या पद्धतीचा आग्रह आहे. शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुलास जो शिक्षक छडी मारतो, त्याच्या वर्गात पुढे कोणीच काही कबूल करीत नाही. कारखान्याची स्थिती याहून निराळी नाही.

या शिस्तीचे महत्त्व आपल्याच देशातील एका दुःखद प्रसंगाने अधोरेखित केले. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘सारस’ नावाचे लहान उतारू विमान तयार करण्याचे काम हाती घेतले होते. ६ मार्च २००९ रोजी त्याचा दुसरा नमुना चाचणीसाठी उडाला. एक इंजिन हवेत बंद करून पुन्हा सुरू करण्याची ही कसोटी होती. बिडदीजवळ विमान कोसळले आणि हवाई दलाचे तिन्ही अधिकारी मृत्युमुखी पडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकशीत, इंजिन पुन्हा सुरू करण्याची संकल्पकांनी ठरवून दिलेली रीत सदोष होती आणि ती अपुऱ्या उंचीवर अवलंबिली गेली, असे निष्पन्न झाले. वैमानिकांच्या हालचालींतील उणिवाही अहवालाने नोंदविल्या. परंतु सहायक कारणांत एक कारण असे नोंदविले होते की ही रीत ठरविताना पंख्याच्या उत्पादकाचा सल्ला घेतला गेला नव्हता. कागदावर लिहिलेली रीत हाही विमानाचा एक भागच असतो. पंखा जसा कसोटीस लावावा लागतो, तशी ती रीतही लावावी लागते. घडविणाऱ्याला विचारावयाचे राहून गेलेला एक प्रश्न किती महाग पडतो, हे तीन वीरांच्या मृत्यूने दाखवून दिले.

श्रीमंत व अनुभवी देशांचीही या बाबतीत परीक्षा झालीच. अमेरिकेतील बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स विमानांपैकी एक २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि दुसरे १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात कोसळले; दोहोंत मिळून ३४६ जण मृत्यू पावले. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा त्यात बसविली होती. ती एकाच संवेदकाच्या सांगण्यावर विसंबून होती आणि तिची माहिती वैमानिकांना दिली गेली नव्हती. संवेदक खोटे बोलला आणि यंत्रणेने त्यावर विश्वास ठेविला. डिसेंबर २०२० मध्ये त्या कंपनीची सुरक्षा व्यवस्थापन पद्धती सरकारी खात्याने मान्यही केली. तरी ५ जानेवारी २०२४ रोजी तिच्याच एका विमानाचा, दरवाजाच्या जागी बसविलेला भाग हवेत निखळून पडला. तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच बसवावयाचे राहून गेले होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पुढच्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या अहवालाने, वरिष्ठांची सुरक्षिततेची भाषा आणि खालच्या माणसांचा अनुभव यांत मोठी दरी आहे, असा निष्कर्ष काढला. पद्धती वहीत होती; ती शेडमध्ये पोहोचली नव्हती. युरोपने २०२३ पासून आणि अमेरिकेने २०२४ च्या नियमाने विमानाचे संकल्पक व उत्पादक यांना ही पद्धती कायद्याने बंधनकारक केली आहे.

भारतातही कायद्याचे पाऊल पुढे पडले आहे. १९३४ सालच्या विमान कायद्याच्या शीर्षकात विमानाचे उत्पादन, बाळगणे, वापर, विक्री, आयात आणि निर्यात यांचा उल्लेख होता. त्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आणि त्यात ‘संकल्पन’ म्हणजे आराखडा काढणे हा शब्द उत्पादनाच्या आधी येऊन बसला. एका शब्दाची ही भर घालण्यास नव्वद वर्षे लागली. परंतु कॉमेटपासून सारसपर्यंतचा सर्व अनुभव त्या एका शब्दात साठविलेला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय दूरचा राहिलेला नाही. बंगळूरच्या जुन्या कंपनीचे १९६४ साली ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’मध्ये रूपांतर झाले आणि नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना आला. त्याच ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय आराखड्याच्या ‘तेजस’ विमानाच्या नव्या उत्पादन-मालिकेचे उद्‌घाटन झाले. लष्करी विमानांस नागरी संघटनेचे परिशिष्ट लागू होत नाही. त्यांची उड्डाणयोग्यता व गुणवत्ता पाहणारी संरक्षण खात्याची स्वतंत्र कार्यालये आहेत. परंतु धातूला शीण येतो तो नागरी विमानात काय आणि लष्करी विमानात काय, सारखाच. जोपर्यंत आपण परक्यांचे आराखडे आणून विमाने जुळवीत होतो, तोपर्यंत आराखड्यातील चुकीची जबाबदारी सातासमुद्रांपलीकडे होती. रेघ आपली झाली की चूकही आपलीच होते. स्वावलंबनाच्या अभिमानासोबत येणारे हे ओझे होय आणि ते नाकारून चालावयाचे नाही.

विमानाचे हजारो भाग एका छपराखाली तयार होत नाहीत. लहान लहान यंत्रशाळांतून ते मुख्य कारखान्यात येतात. सुरक्षिततेची साखळी त्या यंत्रशाळांच्या दारापर्यंत पोहोचली नाही तर मुख्य कारखान्याच्या भिंतीवर लावलेले धोरणपत्र शोभेपुरतेच राहील. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी या भागांतील जी मुले आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लेथ आणि मिलिंग यंत्रावर हात बसवीत आहेत, त्यांपैकी कोणाच्या हातून उद्या विमानाचा एखादा भाग उतरेल, हे सांगता येत नाही. त्यांना माप घेण्यास शिकविणे अवश्य आहेच. माप चुकले हे निर्भयपणे सांगण्यास शिकविणे त्याहून अवश्य आहे, आणि ते ऐकून घेण्यास त्यांच्या मालकांना शिकविणे सर्वांत अवश्य आहे.

बार्शी लाइटचे अरुंद रूळ आता निघाले आणि त्या जागी रुंद लोहमार्ग आला. परंतु कॅल्थ्रॉपने कागदावर घातलेली मर्यादा अजूनही शिकण्यासारखी आहे. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेला तर हलका रूळही तो पेलतो. एकाच आसावर लोटला तर मजबूत रूळही दबतो. सुरक्षिततेची जबाबदारी एकट्या वैमानिकावर किंवा एकट्या तपासनिसावर टाकणारा कारखाना असाच एका आसावर धावत असतो. मालक, संकल्पक, कारागीर, तपासनीस आणि वैमानिक यांनी तो भार वाटून घ्यावा, आणि कोणाचा आस कुरकुरू लागल्यास त्याने ते वेळीच सांगावे, एवढेच या साऱ्या व्यवस्थेचे सार आहे. विमानात बसणाऱ्या उतारूस त्यांच्यापैकी कोणाचेच नाव ठाऊक नसते. तो केवळ विश्वासावर आपला जीव त्यांच्या हाती देतो. तो विश्वास सार्थ ठरविणे, हेच विमान बांधणाऱ्याचे खरे कर्तव्य होय.